दिराचं लग्न आणि इतर उपचार

पूर्वीच्या डॉक्टरांकडे एक औषध असे. कंपाउंडरला ते बाटलीत भरता येत नसे, की बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून डोसाच्या खुणा करता येत नसत. त्याचं नाव हवापालट. अशक्तपणा, जुना खोकला, बाळंतपणानंतरचा फिकेपणा आणि ज्याचं घरात कुणी नावही काढत नसे असा एक उदासपणा, या सगळ्यांवर ते चाले. ऐपत असली तर पाचगणी, माथेरान, देवळाली. नसली तर मामाचं गाव. आमच्या आजोळी अशा हवा पालटायला गेलेल्या बायकांच्या हकिकती पुष्कळ आहेत, आणि बहुतेकजणी महिनाभरात गालांवर रंग घेऊन परतल्या असं सांगतात. श्रेय अर्थातच हवेला, विहिरीच्या पाण्याला आणि धारोष्ण दुधाला मिळालं. मोठेपणी त्याच हकिकती पुन्हा ऐकताना मला मात्र शंका येत गेली, की या बायका हवा बदलायला गेल्या खऱ्या, पण तिथे पोचल्यावर खरी बदलली ती सासू. काही आठवडे का होईना, पहाटे कुणी हाक मारत नव्हतं आणि आमटीत मीठ कमी पडलं तर त्यावर दुपारपर्यंत चर्चा चालत नव्हती. डॉक्टरांना हे कळत असणारच. पण चिठ्ठीवर ‘सासूपालट’ असं लिहिण्याइतके ते भाबडे नव्हते. फी सासऱ्यांकडून यायची होती.

हाच उपचार अमेरिकेच्या सरकारने एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला, असं वाचलं तेव्हा मला त्या डॉक्टरांची आठवण झाली. १९९४ साली बॉल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत, सरकारी वसाहतींत राहणाऱ्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांसाठी सोडत काढण्यात आली. म्हाडाच्या सोडतीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. काहींच्या नशिबी भाड्याला हातभार लावणारं कूपन आलं, पण ते कमी गरिबीच्या वस्तीतच वापरायचं अशी अट होती. काहींना अट नसलेलं कूपन मिळालं. उरलेले होते तिथेच राहिले. दहा-पंधरा वर्षांनी संशोधक पुन्हा या लोकांकडे गेले. बऱ्या वस्तीत गेलेल्यांची कमाई वाढली असेल, असा हिशेबी मंडळींचा होरा होता. ती वाढली नव्हती. पगार होता तेवढाच होता, पण माणसं बरी होती. मोठ्यांच्या मनावरचं मळभ कमी झालेलं होतं, आपलं बरं चाललंय असं ती स्वतः म्हणत होती. अर्ज करताना बहुतेकांनी कारण दिलं होतं तेही नोकरीचं नव्हतं. टोळ्या आणि अमली पदार्थांपासून लांब जायचं होतं. म्हणजे या माणसांना आपलं औषध नेमकं ठाऊक होतं, अर्थशास्त्र्यांना ते दहा-पंधरा वर्षांनी कळलं. मात्र एक गोम राहिली. मुलींना ही हवा मानवली, मुलग्यांना नाही. त्यांच्यात नैराश्य उलट वाढलेलं आढळलं. याची कारणं विद्वान शोधत आहेत. मला आपलं वाटतं, नाका मागे राहिला. पंधरा वर्षांच्या पोराचा नाका काढून घेतला तर उरलेल्या वस्तीचं तो करणार काय?

माणसाचं मन उजेडालाही किती भुलतं, याचा दाखला कॅनडातल्या एडमंटनचा आहे. तिथल्या एका इस्पितळात गंभीर नैराश्याच्या रुग्णांना काही खोल्या उन्हाच्या मिळत, काही बिनउन्हाच्या, आणि कुणाला कुठली हे कुणी ठरवून करत नसे. १९९६ साली हिशेब छापून आला: उन्हाच्या खोलीतले सरासरी १६.९ दिवसांत घरी गेले, दुसरे १९.५ दिवसांत. पुढे मिलानच्या डॉक्टरांना असंच काहीसं पूर्वेकडच्या खोल्यांबद्दल दिसलं; द्विध्रुवीय आजाराच्या नैराश्यात सकाळचं ऊन मिळणारे रुग्ण साडेतीन-पावणेचार दिवस आधी सुटत होते. आमच्याकडे वास्तुशास्त्रवाल्यांच्या हाती हे लागलं तर काय अनर्थ होईल या काळजीने मी ते फारसं बोलत नाही. पण वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत ‘हवेशीर, उजेडाची खोली’ असे शब्द दिसले, की हल्ली ते मला औषधाच्या दुकानातल्या पाटीसारखे वाटतात.

माझ्या मावशीची खोली उजेडाची नव्हती. गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून तिचं बिऱ्हाड होतं, आणि भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तिथे तांदळातले खडे दिसत नसत. तिचा पाठचा भाऊ अचानक गेला, त्यानंतर ती हळूहळू गप्प झाली. ‘हिचं हल्ली मन लागत नाही,’ असं सगळे म्हणत, आणि दोन कप चहात साखर घालायला विसरलेल्या माणसाबद्दल बोलावं इतक्या सहज म्हणत. मावशी कॉटवर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत राही. गाडी यायची आहे आणि इंडिकेटर बंद पडलाय अशा वेळी माणूस रुळांकडे बघतो, तसं ते बघणं होतं.

तिच्याकडे रोज दुपारी कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकू येत. हातात सूप, सुपात मेथीच्या जुड्या. ‘तुझ्याकडे उजेड बरा असतो गं,’ असं म्हणून त्या खाली फरशीवर बैठक मारत. काकूंची स्वतःची खोली रस्त्याकडची. तिथे दुपारी इतकं ऊन येई की पापडांचं वाळवण घालायला अर्धी चाळ त्यांच्याकडे रांग लावी. तरीही हे वाक्य त्या रोज त्याच सुरात म्हणत, दिव्याचं बटण दाबत आणि पानं खुडायला लागत. मावशीशी बोलत अशातला भाग नव्हता. नळाचं पाणी, रेशनवरचं तेल, कुणाच्या तरी सुनेचं डोहाळजेवण, हे सगळं त्या मेथीलाच सांगत. जाताना एखादी जुडी मागे ठेवून जात, ‘ही संध्याकाळी नेते.’ ती जुडी कॉटच्या पायाशी सुकत पडे. असं किती दिवस चाललं कुणास ठाऊक, पण एका दुपारी भिंतीवरची नजर खाली सुपाकडे आली आणि मावशी म्हणाली, ‘अहो काकू, देठं किती ठेवताय? भाजी कडू होईल.’ संध्याकाळपर्यंत ही बातमी तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचली. चार मजल्यांची चाळ एका माणसाच्या कडू देठांमुळे आनंदात होती.

इथे थांबलं तर गोष्ट गोड होईल, आणि चाळीच्या आठवणी लिहिणारे बहुधा इथेच थांबतात. पुढचं असं झालं की दोनेक वर्षांनी माझ्या थोरल्या बहिणीला एक स्थळ आलं. मुलाकडची मंडळी रीतीप्रमाणे आजोळच्या माणसांची चौकशी करत चाळीत आली आणि नेमकी काकूंच्या खोलीत चहाला बसली. काकूंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, ‘अहो, मुलीची मावशी तर काय, पार खचली होती. जेवत नव्हती, बोलत नव्हती. आता बघा, अगदी ठणठणीत आहे!’ स्थळ दुसऱ्या दिवशी मोडलं. काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते नीट सांगता येणार नाही. न विचारता दारात येणारी बाई न विचारता बोलतेही. यातलं एक ठेवून दुसरं परत करायची सोय शेजाऱ्यांच्या बाबतीत नाही.

मी स्वतः मावशीच्या वाटेने गेले तेव्हा चाळ केव्हाच सुटली होती. घोडबंदर रस्त्यावर आमचं घर सतराव्या मजल्यावर आहे. चाळीत रडायला जागा नव्हती. मोरीला अर्धा पडदा आणि संडासापुढे रांग. इथे तीन न्हाणीघरं आहेत, तिन्हींना आतून कडी, तिन्हींत आवाज करणारे पंखे. मनसोक्त रडता येतं, आणि बाहेर आल्यावर डोळे लाल का, असं विचारणारं कुणी भेटत नाही. लिफ्टच्या आरशात आम्ही रहिवासी एकमेकांकडे ग्रहण पाहावं तसे तिरपे पाहतो. आमचे शेजारी वाईट आहेत असं मुळीच नाही. समोरच्या वहिनींना माझ्याबद्दल काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी निरोप पाठवला, ‘फ्री आहात का? पाच मिनिटं येऊ का?’ मी उत्तर दिलं, ‘आज जरा गडबडीत आहे, नंतर नक्की.’ गडबड ही होती की मी सकाळपासून छताच्या पंख्याची पाती मोजत पडले होते आणि दात घासणं हे त्या दिवसाचं मोठं कार्य अजून उरकायचं होतं. त्या सुसंस्कृत होत्या, म्हणून आल्या नाहीत. निरोपाला नकार देता येतो. मेथीचं सूप घेऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या बाईला देता येत नाही. या आजारातला माणूस फ्री कधीच नसतो, हे काकूंना कुणी शिकवलेलं नव्हतं आणि आम्ही सगळे शिकलेले मात्र बेल वाजवण्याआधी परवानगी मागतो.

लंडनच्या दक्षिण भागात कॅम्बरवेल नावाची वस्ती आहे. तिथल्या सर्वसामान्य घरांतल्या बायकांचा अभ्यास करून जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ साली एक ग्रंथ लिहिला. दुःख तर सगळ्यांच्याच वाट्याला येतं. मग त्याखाली कुणी मोडून पडते आणि कुणी सावरते ते कशाने, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तरं वाचून आपल्याकडची कुठलीही आजी ‘यासाठी पुस्तक कशाला हवं?’ असं म्हणेल: जिची आई लहानपणीच गेली, जिच्या पदरात तीन किंवा जास्त लहान मुलं, जिला घराबाहेर नोकरी नाही आणि जिला मनातलं बोलायला जवळचं माणूस नाही, ती आधी कोसळते. पुढे हॅरिसबाईंनी आणखी एक धीट गोष्ट केली. वर्षानुवर्षं उदास असलेल्या लंडनच्या बायकांपैकी निम्म्यांना त्यांनी मैत्रीण पुरवली. पुरवली हाच शब्द बरोबर आहे. जुजबी शिकवून तयार केलेली एक स्वयंसेविका आठवड्यातून तासभर यायची, बसायची, चहा प्यायची, जमलं तर दोघी बाहेर फिरून यायच्या. १९९९ साली निकाल आला. वर्षभरात मैत्रीण मिळालेल्यांपैकी ६५ टक्के बऱ्या झाल्या होत्या, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. गोऱ्या साहेबाच्या देशात काकू अशी यादीवरून वाटावी लागली याचं मला आधी हसू आलं. मग आमची सोसायटी आठवली आणि हसू मावळलं.

झिम्बाब्वेत हे काम आज्यांवर सोपवलंय. डिक्सन चिबांडा हे हरारेचे मनोविकारतज्ज्ञ. त्यांची एक तरुण रुग्ण ठरल्या दिवशी इस्पितळात आली नाही आणि नंतर तिने जीव दिल्याचं कळलं. न येण्याचं कारण बसभाड्याचे १५ डॉलर. औषध तयार होतं, डॉक्टर तयार होते, मध्ये भाडं उभं होतं. मग रुग्णाने इस्पितळात येण्याऐवजी उपचारानेच वस्तीत जावं असं त्यांनी ठरवलं, आणि २००६ साली म्बारे या गरीब वस्तीत १४ आज्यांना हाताशी धरून काम सुरू केलं. दवाखान्यात जागा नव्हती म्हणून बाहेर लाकडी बाक टाकला. आजी बाकावर बसते, शेजारी दुःखी माणूस बसतो, ती विचारते आणि ऐकते. प्रश्नांच्या गुंत्यातून आधी सोडवण्याजोगा एकच दोरा दोघं मिळून धरतात. पुढे बरं वाटू लागलेल्या बायका गोल करून बसतात आणि बोलता बोलता जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात. तो फोटो पाहिला तेव्हा मला त्या पिशव्यांत मेथीच दिसली.

गंमत अशी की याच हरारेत १९९०च्या दशकात विक्रम पटेल नावाचे एक मुंबईकर डॉक्टर काम करत होते. तिथून परतून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९६ साली गोव्यात ‘संगथ’ ही संस्था उभी केली. डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकलेल्या माणसांना तयार करून त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं; सहा ते आठ भेटी, आणि त्यांत भर असा की सोडून दिलेली छोटी छोटी कामं पुन्हा हाती घ्यायची. २०१७ साली आकडे आले: तीन महिन्यांनी ही सोबत मिळालेले नैराश्याचे ६४ टक्के रुग्ण बरे, न मिळालेले ३९ टक्के. लंडनच्या आणि गोव्याच्या आकड्यांचं इतकं जुळणं हा योगायोग आहे, दोन्हीकडची मोजमापंही वेगळी. पण माणसाला माणूस कुठेही साधारण तेवढाच लागू पडतो असं मानायला मला आवडतं. नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत २०१३ साली ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यात गावातलीच माणसं हे करत, आणि मला त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते: ती ऐकून घेत, धीर देत आणि सरकारी योजनांचे अर्जही भरून घेत. कारण निराधार पेन्शन अडकलेल्या विधवेला दीर्घ श्वास घ्यायला सांगणं हा एक प्रकारचा विनोदच आहे.

मी बरी झाले ती गोळ्यांनी, आणि त्यांच्याविषयी मी कधी वाकडं बोलणार नाही. पण गोळ्यांच्या आजूबाजूला काय काय होतं हे मला दिसलं ते आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईमुळे. तीही त्याच सुमारास आजारी होती. मला भरपगारी रजा होती, रिक्षाच्या अंतरावर डॉक्टरीणबाई होत्या, आवारात सोनमोहोराखालून जाणारी वाट होती आणि नवऱ्याला पिठलं येत होतं. तिला सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं तर दोन घरांचा खाडा पडायचा. दोघींच्या चिठ्ठ्यांवर एक ओळ सारखीच होती: रोज अर्धा तास चाला. ती म्हणाली, ‘ताई, मी चार घरं चालते. आणखी कुठे चालू?’ दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, त्यांत दीर रात्रपाळीचा. तो दिवसभर झोपे, त्यामुळे घरात मोठ्याने बोलायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायचा. शिट्टीविना वरण शिजवता शिजवता ती स्वतःच मुकी होत गेली. गोळ्या घ्यायची, सोडायची, पुन्हा घ्यायची.

मग दिराचं लग्न ठरलं आणि तो कल्याणला राहायला गेला. काही आठवड्यांत तिच्या चेहऱ्यात फरक पडला, आणि मुख्य म्हणजे गोळ्या नेमाने चालू झाल्या. दुपारी दोन तास आडवं होता येतं, म्हणाली, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. ब्राउनसाहेबांनी अशा घटनांचाही अभ्यास केला आहे: नोकरी लागणं, घर मिळणं, तुटलेलं माणूस परत जवळ येणं, खडतर आयुष्यात कुठूनतरी नव्याने सुरुवात झाली की वर्षानुवर्षांचा हा आजार हलतो असं त्यांना दिसलं. त्यांच्या लेखी दिराचं लग्न यात बसेल की नाही, मला ठाऊक नाही. बसावं. औषधांच्या पुस्तकात नसलं तरी डॉक्टरांनी निदान विचारावं, की दीर काय करतात.

हे सगळं डोक्यात असताना आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस आली. विषय क्रमांक पाच: आवारातील बाके काढून टाकणे. त्यांवर ड्रायव्हर आणि कामवाल्या बसतात, अशी तक्रार होती. मी समितीला हरारेच्या बाकांबद्दल सविस्तर पत्र लिहिलं. सभेला दहा वाजता पोचले तर मोजकीच माणसं. नोटिशीत नेहमीचंच कलम होतं: गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होईल आणि नंतर त्याच ठिकाणी भरेल. सचिव मला म्हणाले, ‘पत्र वाचलं. पण त्या आजींना गेटपास कुणाच्या नावाने द्यायचा?’ ते थट्टा करत नव्हते.

मग तो अर्धा तास सुरू झाला. कुणालाच काही काम नव्हतं, उठून गेलं तर गणसंख्या आणखी घटली असती, म्हणून सगळे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिले. नवव्या मजल्यावरच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, ‘मुलगा हल्ली खोलीतून बाहेरच येत नाही हो.’ त्यांनी हळूच म्हटलं होतं, पण रिकाम्या हॉलमध्ये ते सगळ्यांना ऐकू गेलं. थोडा वेळ सगळे खिडकीबाहेर पाहायला लागले. मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘माझ्या बहिणीचं असंच होतं. गोळ्या चालू आहेत, आता बरं आहे. डॉक्टरांचा नंबर देते.’ थकबाकीखेरीज कधी कुणाशी न बोललेले आमचे खजिनदार चष्मा पुसत म्हणाले, ‘बुद्धिबळ खेळतो ना तो? उद्या सहाला येतो मी पट घेऊन.’ येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. बाई काही बोलणार, तोच साडेदहा वाजले. गणसंख्येचं बंधन आता राहिलं नसल्याचं सचिवांनी जाहीर केलं आणि विषय क्रमांक एक घेतला: पार्किंग. त्यावर दीड वाजेपर्यंत भांडण झालं आणि बाकांचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला.